परत नळी घालायची का?

घशातली नळी निघाली की सुटलो, असं पेशंटला वाटतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या घरच्यांनाही तसंच वाटतं. माझी मुलगी तर खाली जाऊन पेढे घेऊन आली होती. ते कुणी खाल्ले नाहीत, कारण माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट काळ नळी निघाल्यावर सुरू झाला. मी त्याच काळाबद्दल लिहिणार आहे.

बरी झाले का, असं विचाराल तर नाही. जिवंत आहे. ज्यांच्या घरचं माणूस आत्ता, नळी काढल्यावर लावतात त्या मास्कखाली पडलेलं आहे, त्यांना द्यायला माझ्याकडे फारसा धीर नाही. पण आत पडलेल्या माणसाचं काय होतं, तेवढं सांगता येईल. ते आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आमच्या घरात जे झालं ते कदाचित झालं नसतं.

आमटीतलं मीठ

माझं नाव शुभांगी. रत्नागिरीत बंदराच्या रस्त्यावर आमची खानावळ होती. जेवायला यायचे ते लाँचवरचे खलाशी, बर्फाच्या कारखान्यातले कामगार, कधी टेम्पोवाले. माझे यजमान आधी लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. कंबर गेली तेव्हा त्यांनी समुद्र सोडला आणि खानावळीत माझ्या बरोबरीने उभे राहिले. मुलगी प्राची लग्न होऊन दापोलीला आहे.

खानावळ सुरू केली तेव्हा चूल होती. पुढे गॅस आला, तरी भाकरी चुलीवरचीच हवी म्हणून गिऱ्हाईक अडून बसायचं, त्यामुळे मागच्या पडवीत चूल राहिलीच. मी अर्धं आयुष्य तिच्यासमोर बसून काढलं. खोकला होता. थंडीत छातीतून शिट्ट्या वाजायच्या. आम्ही त्याला दमा म्हणायचो आणि फार झालं की मी पंप ओढायचे. डॉक्टरकडे जाऊन नीट तपासून घ्यावं, हे कधी सुचलं नाही. जेवणाच्या वेळी दुकान सोडून जाणार कोण?

गणपती होऊन गेले होते, ऊन तापायला लागलं होतं. मला ताप आला, खोकला वाढला. ते नेहमीचंच. नवीन होतं ते डोक्याचं. सकाळी उठल्यावर डोकं असं जड, की मान उचलवेना. बोलता बोलता झोप यायला लागली. आमटीत मीठ घातलं आणि थोड्या वेळाने परत घातलं. गिऱ्हाइकांनी ताटं बाजूला सारली. यजमान म्हणाले, "झोप नाय झाली तिची रात्रभर, खोकत होती." मी पडवीत भिंतीला टेकून बसले आणि हातात डाव तसाच धरून झोपले.

प्राचीचा फोन आला म्हणून त्यांनी मला हलवून उठवलं. मी तिच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही. ती नंतर सांगायची, की मी तिला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली आणि मासळी कुठली आणलीस म्हणून विचारलं. ती फोनवर ओरडली, "बाबा, आई दारू प्यायल्यासारखी बोलतेय. तिला झोपू देऊ नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मनगटातून रक्त काढलं, ते फार दुखलं. मग त्यांनी विचारलं, "विडी ओढता का, काकी?"

"मिश्री लावते. विडी कशाला ओढू?"

"चूल?"

मी मान हलवली. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हा नुसता दमा नाही. सीओपीडी. फुप्फुसं कायमची खराब झाली आहेत. त्यात आता न्यूमोनिया. तुमच्या छातीत गेलेली हवा बाहेरच पडत नाही, त्यामुळे अंगात कार्बन डायऑक्साइड साठलाय. म्हणून ही झोप येतेय."

यजमानांनी विचारलं, "पण बरी होईल ना?" मॅडमचं उत्तर मी ऐकलं नाही. त्या बोलत असतानाच मला झोप लागली. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि दोन्ही हात पलंगाला बांधलेले होते.

नळीचे दिवस

त्या दिवसांबद्दल फार सांगता येणार नाही. औषधाने गुंगीत ठेवलेलं असतं. आठवते ती तहान. आठवतं ते नळीतून कफ ओढणं, ज्यात सगळा जीव पायाकडून वर खेचल्यासारखा होतो. ओरडावं तर आवाज नाही. डोळ्यांतून पाणी यायचं तर सिस्टर म्हणायच्या, "रडू नका काकी, नाक भरतं."

मग एका सकाळी गुंगीचं औषध बंद झालं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आज नळी काढू या. मी सांगितलं की मोठ्ठा खोकला काढायचा." मी काढला. काहीतरी लांबलचक घशातून सरसरत बाहेर आलं. मी बोलले तो पहिला शब्द "पाणी" होता. आवाज इतका घोगरा, की मलाच वाटलं बाजूच्या पलंगावरचं कुणी बोललं.

पाणी मिळालं नाही. लगेच मास्क आला.

मास्क

मॅडमनी समजावून सांगितलं होतं, पुढे मला जे झालं तो त्यांचा दोष नाही. "तुमची छाती अजून दमलेली आहे. एकदम सगळा भार तिच्यावर टाकला तर ती परत बसेल. परत नळी घालायची वेळ येऊ नये म्हणून हा मास्क. हे मशीन बाहेरूनच श्वासाला जोर देईल."

सोपं वाटलं. ऑक्सिजनचा मास्क सगळ्यांनी पाहिलेला असतो, तसाच काहीतरी असेल. तसा तो नसतो. नाकतोंड दोन्ही झाकणारं जाड प्लास्टिक, आणि डोक्यामागून आवळलेले पट्टे. धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं की वारा तोंडात घुसतो आणि श्वासच घेता येत नाही, तसा वारा. तो थांबत नाही. मी श्वास सोडायला जावं तर मशीन आत ढकलायचं. मी घ्यायला जावं तर ते थांबलेलं. मला वाटलं, हे लोक मला वाऱ्याने बुडवून मारताहेत.

मास्क जरा सरकला की वारा डोळ्यांत जायचा आणि मशीन ओरडायला लागायचं. तोंड कोरडं पडून जीभ टाळ्याला चिकटायची. पोटात वारा भरून पोट ढोलासारखं व्हायचं. नाकाच्या वरच्या हाडावर कातडी सोलली गेली. बोलता येत नाही. थुंकता येत नाही. उलटी झाली तर तोंडासमोर जागा नाही, ही भीती सारखी. मी तो ओरबाडून काढला. सिस्टरनी परत बांधला. मी परत काढला. मग परत हात बांधले.

एक सिस्टर होती, लांज्याकडची. ती मास्क हाताने धरून माझ्या तोंडाजवळ उभी राहायची, पट्टे न आवळता. "मशीनशी भांडू नका काकी. ते ढकलेल तेव्हा घ्या, ते सोडेल तेव्हा सोडा." ऐकायला चांगलं आहे. जिचा जीव घुसमटतोय तिने भांडायचं नाही म्हणजे काय करायचं? पण तिने नाकाच्या जखमेवर मऊ पट्टी चिकटवली, म्हणजे मास्क त्यावर बसेल. साफसफाईच्या मावशी यायच्या, त्या ओल्या कापसाने माझे ओठ पुसायच्या. दिवसातून थोडा वेळ मास्क काढून नाकात साधी नळी लावायचे, तेव्हा दोन चमचे पेज मिळायची. एवढंच काय ते बरं होतं. ते मोजकं होतं आणि त्याने भीती कमी झाली नाही, पण लिहायला हवं म्हणून लिहिते.

मी हात जोडले

माझ्या बाजूच्या पलंगावर दाभोळचे इब्राहिमभाई होते. पूर्वी आखातात बोटीवर नोकरी, नंतर गावी स्वतःची होडी. त्यांचीही नळी काढलेली, त्यांनाही मास्क. आम्ही मास्कमधून एकमेकांकडे बघायचो. त्यांची बायको मुमताजभाभी आणि माझे यजमान बाहेर एकाच बाकड्यावर बसायचे. भाभी घरून डबा आणायच्या तो दोघं वाटून खायचे.

एका दुपारी रक्त तपासल्यावर सिस्टर दुसरीला हळूच म्हणाली, "वाढतोय परत. ट्यूब करायला लागणार वाटतं." त्यांना वाटतं आम्हाला ऐकू येत नाही. तोंडावर मास्क असला तरी कान उघडे असतात.

भेटायच्या वेळी यजमान आले. दिवसा हात सोडलेले असायचे. मी बोटाने घसा दाखवला आणि हात हलवला.

"नळी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, परत हात हलवला.

"नळी नको? परत घालू नको म्हणतेस?"

मी हात जोडले. नवऱ्यासमोर असे हात मी कधी जोडले नव्हते. ते बघत राहिले. मग माझे हात त्यांनी आपल्या हातांनी खाली केले आणि म्हणाले, "बरं गो. नाय घालायची."

मला त्या वेळी खरंच नको होती. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. मरण परवडलं, पण ती नळी, ते बांधलेले हात, ते कफ ओढणं परत नको, असंच वाटत होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, डोकंही ठिकाणावर होतं.

दुसऱ्या दिवशी मला फार झोप येत होती. डोळे मिटलेले होते. डॉक्टर मॅडम, यजमान आणि प्राची पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मॅडम म्हणाल्या, "मास्कवर बघू या अजून थोडं. पण नाही जमलं तर? परत नळी घालायची का, ते मला आत्ता सांगा. घातली तर ती लवकर निघेलच असं नाही. कदाचित गळ्याला भोक पाडावं लागेल."

प्राची म्हणाली, "घाला. विचारता काय त्यात?"

आणि यजमान म्हणाले, "नाय. नका घालू."

इतकंच. मोठ्याने नाही, रडत नाही. गिऱ्हाइकाला जास्तीचा भात संपला म्हणून सांगावं तसं.

मी ते ऐकलं. मीच मागितलं होतं, हात जोडून मागितलं होतं आणि या माणसाने मला शब्द दिला होता. तो त्याने पाळला. तरी ते ऐकताच माझ्या आत जे झालं ते असं, की ह्याने मला सोडलं. इतक्या वर्षांचा संसार आणि एका शब्दात सोडलं. मला ओरडायचं होतं, 'मी म्हटलं तरी तुम्ही कसं म्हणालात?' डोळे उघडवेनात. मास्क वारा ढकलत होता.

प्राची म्हणाली, "कंटाळलात तुम्ही तिला, बाबा."

"तिनंच सांगितलंन मला."

"कसं सांगेल? तिला बोलता तरी येतंय का?"

प्राची चप्पल फरफटत बाहेर गेली. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. मग मास्कवरच प्रयत्न करू." यजमान तिथेच उभे राहिले. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला. मी पाय ओढून घेतला. झोपेत हलवला असेल असं त्यांना वाटलं असावं. तसं नव्हतं.

जगले कशी

लोक विचारतात. त्या रागाच्या बळावर जगले, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. खरं ते असं, की मी हरले. आता आपलं कुणी नाही, नळी येणार नाही, मशीन काय करायचं ते करेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मास्क ओढायचीही इच्छा राहिली नाही. वारा आत आला तर येऊ दिला, गेला तर जाऊ दिला. लांज्याची सिस्टर म्हणाली, "आता कसं बरोबर घेताय!" तिला वाटलं मी शिकले. मी मरायला पडले होते, आणि नेमकं तसं पडून राहिल्यावरच ते मशीन चालतं.

संध्याकाळच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा आकडा उतरला होता. दुसऱ्या दिवशी आणखी. हळूहळू मास्कचा वेळ कमी झाला.

इब्राहिमभाईंचा आकडा उतरला नाही. त्यांच्या घरच्यांनी नळीला हो म्हटलं होतं. पडदा ओढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर गळ्याला भोकही पाडलं. मला साध्या वॉर्डात हलवल्यावर एका सकाळी मुमताजभाभी माझ्या पलंगाशी आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. त्या माझ्या यजमानांना म्हणाल्या, "आम्ही हो म्हटलं भाऊ, तरी गेले. तुम्ही नाही म्हटलंत, तरी वहिनी राहिल्या. आपल्या हातात काय होतं?"

त्यांनी ते आमचं समाधान व्हावं म्हणून म्हटलं. स्वतःचं माणूस गेलेलं असताना त्या दाभोळला जायच्या आधी तेवढ्यासाठी जिना चढून वर आल्या. यजमान रडले. मी भिंतीकडे तोंड केलं.

घरी

खानावळ बंद केली. चूल मोडली. घरात छोटं मशीन आलं आहे, झोपताना त्याचा मास्क लावावा लागतो. आंघोळ करून आले की पलंगावर बसून धाप जिरवावी लागते. केस विंचरायला हात वर केले की दम लागतो. मी बोलत बोलत भाकऱ्या थापणारी बाई होते. आता एक तर बोलते, नाहीतर चालते.

प्राची मला फोन करते. बाबांना फोन दे म्हणत नाही. मी तिला सांगितलं, "मीच हात जोडले होते गो." ती म्हणाली, "तू तेव्हा शुद्धीत नव्हतीस." मी शुद्धीत होते म्हटलं तर रडते. तिला बापावर रागवायचं आहे, कारण नाहीतर माझ्यावर रागवावं लागेल.

आणि आम्ही दोघं नवराबायको त्याबद्दल बोललोच नाही. ते मास्क धुतात, पट्टे बांधतात, "घट्ट झाला काय?" विचारतात. त्यापलीकडे नाही.

परवा तपासणीला गेलो होतो. मॅडमनी छाती तपासली, चालवून बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "काकी, हे परत होणार आहे. कधी ते सांगता येत नाही. मास्कने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर काय करायचं, ते आत्ता ठरवून ठेवू या. आत्ता तुम्ही बोलू शकता." आणि सवयीने त्यांनी यजमानांकडे बघितलं.

ते म्हणाले, "मला नका विचारू. मी नाय सांगणार परत. हिला विचारा."

मी घरून ठरवून गेले होते. आता सगळं माहीत आहे, नळी म्हणजे काय ते माहीत आहे, मास्क म्हणजे काय तेही. 'नको' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "घाला."

मॅडमनी परत विचारलं, "नळी घालायची?"

"घाला. जमेल ते सगळं करा."

मला माझंच आश्चर्य वाटलं. ह्या असल्या जगण्यात धरून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी रोज स्वतःला सांगते. तरी तोंडातून तेच आलं.

यजमानांनी चष्मा काढला. ते बराच वेळ तो शर्टाला पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे तेव्हाही तुला हवीच होती."

"नाय हो. तेव्हा खरंच नको होती."

"मग आज कशी हवी झाली?"

मला दम लागला होता. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, सावकाश, सावकाश म्हणाल्या. तेव्हाचंही खरं होतं आणि आजचंही खरं आहे, हे मी श्वास जागेवर आल्यावर रिक्षात बसून त्यांना सांगितलं. ते ऐकत होते. "होय," म्हणाले. पण त्यांना ते पटलेलं नाही, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. मी आत पडलेली असताना आपण बायकोला मारायला निघालो होतो, असंच ते आता आयुष्यभर धरून बसणार. त्यांनी फक्त माझं ऐकलं होतं.

तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल तर ते बोलतंय तोवर विचारून घ्या, एवढं सांगून मी थांबणार होते. पण मी तर सांगितलं होतं. दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा वेगळं.

घरी पोचलो तेव्हा मला पायरी चढवेना. ते एक पायरी वर जाऊन थांबले आणि हात पुढे केला. मी धरला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, मला पुढचा श्वास मिळेपर्यंत.